मथुशलहाचें वय मोजणारा विद्वान् : आर्चबिशप जेम्स अशर

पवित्र शास्त्रांतील उत्पत्तीच्या पुस्तकाचा पांचवा अध्याय वर्गांत वाचावयाची वेळ आली म्हणजे मुलें गालांतल्या गालांत हंसूं लागतात, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. अमका इतकीं वर्षें जगला, त्यास अमका मुलगा झाला, त्यानंतर तो आणखी इतकीं वर्षें जगला आणि मग मरण पावला. एवढेंच त्या अध्यायांत पुनः पुनः येतें. आदाम ९३० वर्षें जगला, शेथ ९१२ वर्षें आणि मथुशलह तर ९६९ वर्षें! ज्या घरांत पुराणें वाचलीं जातात त्या घरांतील मुलांस लांब आयुष्याचें तितकें नवल वाटत नाहीं. दशरथ राजाचीं हजारों वर्षें त्यांच्या कानांवरून गेलेलीं असतात. त्यांस नवल वाटतें तें आंकड्यांच्या बारकाव्याचें. मथुशलह सुमारें हजार वर्षें जगला असें न म्हणतां नेमकीं ९६९ च कां?

मागें एकदां ह्याच अध्यायाच्या वेळीं एका मुलानें आपल्या आजोबांचें जुनें इंग्रजी बायबल शाळेंत आणिलें होतें. त्याच्या पहिल्याच पानाच्या समासांत बारीक टाइपांत ४००४ हा आंकडा छापलेला होता. हा आंकडा मोशेनें लिहिला काय, असें त्यानें आम्हांस भाबडेपणानें विचारलें. आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें; परंतु मग कोणीं लिहिला, ह्याचें उत्तर तासाची घंटा वाजेपर्यंत पुरें झालें नाहीं. तें राहिलेलें उत्तर आज ह्या अंकांत देण्याचें योजिलें आहे. तो आंकडा ज्या मनुष्याचा, त्याचें नांव जेम्स अशर.

जेम्सचा जन्म ता. ४ जानेवारी १५८१ रोजीं आयर्लंडांतील डब्लिन शहरीं झाला. बाप चॅन्सरी कोर्टांत अधिकारी होता आणि चुलता हेन्री अशर पुढें आर्माचा आर्चबिशप झाला. तेव्हां घराणें खाऊनपिऊन सुखी होतें. घरांत नात्यांतल्या दोन स्त्रिया होत्या. दोघीही लहानपणापासून आंधळ्या. जेम्सला अक्षरओळख करून दिली ती ह्या दोघींनीं. त्यांना बायबलाचा मोठा भाग तोंडपाठ होता, आणि मुलगा अडखळला कीं त्या स्मरणावरून त्याची चूक दुरुस्त करीत. ज्यांनीं छापील अक्षर कधीं पाहिलें नाहीं त्यांच्याकडून हा मुलगा वाचावयास शिकला, आणि पुढें त्याच्याइतकें वाचलेला मनुष्य त्या काळच्या ब्रिटिश बेटांत क्वचितच सांपडला असता.

त्याच्या शाळेची हकीकतही मोठी गमतीची आहे. १५८७ सालीं स्कॉटलंडांतून जेम्स फुलर्टन व जेम्स हॅमिल्टन ह्या नांवांचे दोन तरुण डब्लिनला आले व त्यांनीं तेथें एक शाळा काढिली. वरून ते शिक्षक होते. आंतून स्कॉटलंडच्या राजानें आयर्लंडची बातमी काढण्यासाठीं पाठविलेले हेर होते. परंतु शिक्षकाचें सोंग घेऊन आलेले हे दोघे खरोखरीच उत्तम शिक्षक निघाले! जेम्स त्यांच्यापाशीं पांच वर्षें शिकला. १५९४ सालीं डब्लिनचें नवें ट्रिनिटी कॉलेज विद्यार्थ्यांस उघडलें, तेव्हां पहिल्या तुकडींत तेरा वर्षांचा जेम्स अशर होता, आणि त्याचे शाळामास्तरही तेथें अध्यापक म्हणून आले.

कॉलेजांत असतां पंधराव्या-सोळाव्या वर्षीं त्यास एक नाद लागला. जगांतील चार महान् साम्राज्यांच्या इतिहासावर स्लायडन नांवाच्या जर्मन पंडिताचें एक पुस्तक होतें. तें वाचून, बायबलांतील सर्व गोष्टी सालवार मांडाव्यात असें त्याच्या मनानें घेतलें. त्यानें आदामापासून आरंभ करून राजांच्या पुस्तकापर्यंतची बखर लॅटिन भाषेंत लिहून काढिली. मुलांचे असले नाद वर्ष सहा महिन्यांत विरतात. ह्याचा नाद पन्नास वर्षांहून अधिक टिकला.

१५९८ सालीं बाप वारला. मुलानें लंडनला जाऊन वकिली शिकावी अशी बापाची इच्छा होती, आणि जेम्सला ती मुळींच नको होती. थोरला म्हणून मिळकत त्याच्याकडे आली. ती त्यानें भावाबहिणींच्या नांवें करून दिली, स्वतःस पुस्तकांपुरतें व पोटापुरतें ठेविलें आणि धर्मशास्त्राचा अभ्यास धरिला. १६०१ सालीं त्यांस दीक्षा मिळाली. (येथून पुढें आम्हीं त्यांचा उल्लेख आदरार्थीं करितों.) किनसेलच्या लढाईनंतर इंग्रज सैन्यानें कॉलेजच्या ग्रंथालयासाठीं वर्गणी दिली, तेव्हां पुस्तकें खरेदी करावयास लंडनला पाठविलेल्यांत अशर होते. तेथें त्यांची गांठ ऑक्सफर्डसाठीं ग्रंथ जमविणाऱ्या सर टॉमस बॉडली ह्यांच्याशीं पडली. दोन ग्रंथवेडे एकाच बाजारांत भेटले म्हणावयाचे. ह्याच सुमारास अशर ह्यांनीं प्राचीन ख्रिस्ती मंडळीच्या सर्व आचार्यांचे ग्रंथ मुळांतून वाचण्याचा नेम केला. रोज ठरलेला भाग वाचावयाचा, चुकवावयाचा नाहीं. तो नेम पुरा होण्यास अठरा वर्षें लागलीं.

पुढील पायऱ्या आम्ही भरभर सांगतों. १६०७ सालीं ते ट्रिनिटींत धर्मशास्त्राचे प्रोफेसर झाले; १६१४ सालीं फीबी चॅलोनर हिच्याशीं त्यांचा विवाह झाला व त्यांस एलिझाबेथ ही एकच कन्या झाली; १६२१ सालीं ते मीथचे बिशप व १६२५ सालीं आर्माचे आर्चबिशप, म्हणजे आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट मंडळीचे मुख्य, झाले. ह्या अधिकाराच्या काळांतली एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. आयर्लंडांतील बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक होते. त्यांस उपासनेची मोकळीक द्यावी कीं काय असा प्रश्न १६२६ सालीं निघाला असतां, अशी मोकळीक देणें हें मोठें पाप आहे असा निर्णय ज्या बिशपांनीं दिला त्यांत अशर अग्रभागीं होते. स्वभावानें ते सौम्य होते, कॅथलिक विद्वानांशीं त्यांचा पत्रव्यवहारही चाले. तरी त्या निर्णयाखालीं त्यांची सही आहे.

पुस्तकांच्या शोधाला मात्र त्यांनीं धर्माची वा देशाची सीमा मानली नाहीं. सिरियांतील हलब शहरीं राहणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडून त्यांनीं शोमरोनी लोकांच्या पंचग्रंथाच्या प्रती मिळविल्या. मोशेचीं पांच पुस्तकें शोमरोनी लोकांनीं आपल्या निराळ्या लिपींत जपून ठेविलीं आहेत; युरोपांत तीं तेव्हां फारच थोड्यांनीं पाहिलीं होतीं. ह्या प्रतींचें महत्त्व पुढें कळून येईल.

१६४० सालीं अशर कामानिमित्त इंग्लंडला गेले आणि त्यांस मायदेशाचें दर्शन पुनः झालें नाहीं. १६४१ सालीं आयर्लंडांत बंड उठलें. त्यांचें घरदार व उत्पन्न गेलें. ग्रंथसंग्रह द्रोहेडा गांवीं होता. तो गांव कित्येक महिने वेढ्यांत सांपडला, तरी पुस्तकें वांचलीं व जहाजानें इंग्लंडला आलीं. तेथेंही राजा आणि पार्लमेंट ह्यांचें युद्ध पेटलेलें! अशर राजाच्या पक्षाचे. त्यामुळें पार्लमेंटनें १६४३ सालीं त्यांचीं पुस्तकें जप्त केलीं, आणि मित्रांनीं खटपट करून त्यांपैकीं कांहीं सोडविलीं. अशा धामधुमींत, १६४४ सालीं, त्यांनीं इग्नाशियस ह्या प्राचीन आचार्याच्या पत्रांची शुद्ध प्रत छापून प्रसिद्ध केली. त्या पत्रांत मागाहून कोणीं काय काय घुसडलें आहे हें त्यांनीं इंग्लंडांतील जुन्या लॅटिन हस्तलिखितांवरून शोधून काढलें होतें. दोन वर्षांनीं फ्लॉरेन्स येथील ग्रीक हस्तलिखित छापून निघालें, तेव्हां त्यांचा तर्क बहुतांशीं खरा ठरला.

१६४५ सालचा प्रसंग आम्हांस त्यांच्या सर्व चरित्रांत अधिक हृदयस्पर्शी वाटतो. वेल्स प्रांतांतून कन्येसह घोड्यावर बसून जात असतां डोंगरी लोकांच्या एका सशस्त्र टोळीनें त्यांस गांठलें. बापलेकींस घोड्यांवरून खालीं ओढलें, पेट्या फोडल्या आणि पुस्तकें व हस्तलिखितें हातोहात पळविलीं. चौसष्ट वर्षांच्या वृद्धाचें आयुष्यभराचें टिपण अशा रीतीनें रानोमाळ पांगलें. पैसा गेल्याचें दुःख त्यांनीं कधीं केलें नव्हतें; ह्या वेळीं मात्र ते अगदीं खचून गेले. तेव्हां आसपासच्या सभ्य गृहस्थांनीं व पाळकांनीं एक युक्ति केली. देवळादेवळांतून उपासनेच्या वेळीं लोकांस सांगितलें कीं, ज्याच्याजवळ जो कागद असेल त्यानें तो आणून द्यावा. दोनतीन महिन्यांत बहुतेक सर्व पुस्तकें व कागद परत आले. ज्यांस एक अक्षर वाचतां येत नव्हतें अशांच्या घरांतून लॅटिन आणि हिब्रू पानें बाहेर निघालीं असतील!

लंडनला आल्यावर पीटरबरोच्या काउंटेसनें त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें. ता. ३० जानेवारी १६४९ रोजीं राजा चार्ल्स ह्याचा शिरच्छेद झाला, तो त्या घराच्या गच्चीवरून दिसत होता. अशर पाहावयास वर गेले, परंतु शेवटचा क्षण येण्यापूर्वींच त्यांस मूर्च्छा आली व नोकरांनीं त्यांस खालीं नेलें. ह्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांनीं आपला मोठा ग्रंथ हातावेगळा केला. दृष्टि इतकी मंद झाली होती कीं, उन्हांत खिडकीशीं बसल्यावांचून अक्षर लिहवेना. सूर्य जसजसा फिरे तसतसे ते एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीशीं आपले कागद घेऊन जात.

त्या ग्रंथाचें नांव जुन्या कराराचा वर्षानुक्रम. तो लॅटिन भाषेंत असून त्याचा पहिला भाग १६५० सालीं व दुसरा १६५४ सालीं निघाला. आतां विद्यार्थ्यांनीं थोडा वेळ पाटीपेन्सिल हातीं घ्यावी. ह्या हिशेबांत मनुष्य एकंदर किती वर्षें जगला ह्याचा उपयोग नाहीं. मुलगा झाला तेव्हां बापाचें वय काय होतें, एवढेंच पाहावयाचें. आदाम १३०, शेथ १०५, अनोश ९०, केनान ७०, महललेल ६५, यारेद १६२, हनोख ६५, मथुशलह १८७, लामेख १८२. बेरीज १०५६, त्या वर्षीं नोहा जन्मला. नोहाच्या सहाशेव्या वर्षीं जलप्रलय झाला; म्हणून प्रलयाचें वर्ष १६५६. आतां मथुशलह जन्मला ६८७ व्या वर्षीं. त्यांत ९६९ मिळवा. पुनः १६५६! मथुशलह प्रलयाच्याच वर्षीं मरण पावतो. ९६९ च कां, ह्या प्रश्नाचें निदान एक उत्तर येथें आहे: त्याच्या पलीकडे जावयास जागाच नाहीं.

मुलाऐवजीं पणतवंडांकडे पाहिलें तर आणखी मौज दिसते. आदाम वारला तेव्हां मथुशलह २४३ वर्षांचा होता. मथुशलह वारला तेव्हां नोहाचा मुलगा शेम ९८ वर्षांचा होता. आणि अशर ह्यांच्या हिशेबानें शेम वारला तेव्हां अब्राहामाचा मुलगा इसहाक ५० वर्षांचा होता. म्हणजे एदेन बागेची हकीकत इसहाकापर्यंत पोंचावयास मध्यें दोनच तोंडें पुरेशीं झालीं! उलट एक अडचणही उभी राहते. अब्राहाम १७५ वर्षांचा, पुरा म्हातारा होऊन मेला. पण त्याच्या सहा पिढ्या वरचा पूर्वज एबर त्यानंतरही चार वर्षें जिवंत होता असें ही बेरीज म्हणते.

वाचकांस हें केवळ मिळवणीचें उदाहरण वाटेल. पण तसें नाहीं. बायबलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत ह्या पूर्वजांपैकीं बहुतेकांचीं मुलाच्या जन्मवेळचीं वयें शंभर शंभर वर्षांनीं अधिक आहेत. कित्येक ग्रीक प्रतींत तर मथुशलह प्रलयानंतर चौदा वर्षें जगतो. मग तारवांत आठच माणसें असतां हा कोठें उभा होता, असा पेंच जुन्या पंडितांस पडला होता. शोमरोनी पंचग्रंथांत प्रलय १३०७ व्या वर्षीं येतो आणि यारेद, मथुशलह व लामेख हे तिघेही त्याच वर्षीं मरतात. अशर ह्यांच्या टेबलावर तिन्ही पाठ होते. त्यांनीं ते ताडून पाहिले, हिब्रू पाठ अधिक विश्वसनीय ठरविला, आणि ग्रीक भाषांतरावर १६५५ सालीं स्वतंत्र ग्रंथही लिहिला. ग्रीक पाठावर भिस्त ठेवणाऱ्या पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांनीं जगाचा आरंभ ख्रि. पू. ५५०९ सालीं धरिला होता. यहुदी लोकांचा शक ख्रि. पू. ३७६१ पासून मोजतात; बीड नांवाच्या इंग्रज साधूनें आठव्या शतकांत ३९५२ हें साल काढिलें होतें. तेव्हां हा उद्योग एकट्या अशर ह्यांचा नव्हे.

प्रलयानंतर अब्राहामापर्यंत बेरीज पुनः सोपी आहे. फक्त त्याचा बाप तेरह ह्याच्यापाशीं ती अडते. वरवर वाचतां तेरह ७० वर्षांचा असतां अब्राहाम झाला असें वाटतें. परंतु तेरह २०५ वर्षांचा होऊन मेल्यावर अब्राहामानें हारान सोडलें व तेव्हां तो ७५ वर्षांचा होता, हें जमेस धरिलें तर जन्मवेळीं बापाचें वय १३० येतें. अशर ह्यांनीं १३० घेतले. अब्राहामाचा जन्म ख्रि. पू. १९९६. पुढें मिसर देशांतून सुटका १४९१, शलमोनाच्या मंदिराचा पाया १०१२. राजांच्या काळांत बापलेकांचे राज्यकाल एकमेकांवर चढलेले. तो गुंता सोडवितांना त्यांस फार श्रम पडले. शेवटीं बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्याचें मरण हा दुवा त्यांस सांपडला, कारण तें साल, ख्रि. पू. ५६२, ग्रीक ज्योतिष्यांच्या राजावलीवरून निश्चित होतें. तेथें शास्त्राचा दोरा जगाच्या इतिहासाच्या दोऱ्यास बांधला. हेरोद राजा ख्रि. पू. ४ मध्यें मेला हें ठरल्यामुळें ख्रिस्तजन्माचें सालही चार वर्षें मागें गेलें, आणि ४००० च्या जागीं ४००४ आले. सृष्टीचा आरंभ शरद्-संपातानंतरच्या पहिल्या रविवारीं, ता. २३ आक्टोबर, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळपासून! मंदिर पुरें झालें तें बरोबर ३००० व्या वर्षीं आणि ख्रिस्तजन्म ४००० व्या. इतकें नेटकें जुळलेलें पाहून, आंकड्यांनीं पंडितास नेलें कीं पंडितानें आंकड्यांस नेलें, अशी शंका आमच्या मनांत डोकावल्यावांचून राहत नाहीं.

ग्रंथाचा बहुतेक भाग मात्र इराण, ग्रीस, मिसर व रोम ह्यांच्या इतिहासाचा आहे, आणि तो आज फारसा कोणी उघडीत नाहीं. लोकांच्या लक्षांत राहिलें तें पहिलें पान. १७०१ सालीं बिशप लॉइड ह्यांच्या देखरेखीखालीं निघालेल्या इंग्रजी बायबलाच्या समासांत ह्याच पद्धतीचीं सालें छापलीं गेलीं, आणि मग दीडदोनशें वर्षें तीं तशींच छापत राहिलीं. मूळ लेखांत नसलेला आंकडा मूळ लेखाच्या शेजारीं बसला. पाहतां पाहतां लोक त्यास शास्त्रवचनच समजूं लागले. ज्यानें हिब्रू, ग्रीक व शोमरोनी पाठ शेजारीं ठेवून तोलले, त्याच्याच उत्तराशेजारीं दुसरें कांहीं ठेवण्याचें लोकांनीं सोडून दिलें. पुढें १७८८ सालीं हटन ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञानें खडकांच्या थरांवरून पृथ्वीचें वय अफाट असल्याचें दाखविलें, तेव्हां कित्येकांस तो शास्त्रावरच घाला वाटला. वास्तविक तो समासावर होता. १९२५ सालीं अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला, त्यांतही अशर ह्यांच्या सालावरून उलटतपासणी झाली. १९५६ सालीं, म्हणजे अशर ह्यांच्या मृत्यूस बरोबर तीनशें वर्षें झालीं त्या वर्षीं, क्लेअर पॅटरसन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें उल्कांतील शिशाचें पृथक्करण करून पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटि वर्षें असल्याचें प्रसिद्ध केलें. इराकच्या भूमींत सांपडलेल्या मातीच्या विटांवर सुमेरी राजांची यादी आहे, तींत प्रलयापूर्वींच्या पहिल्या राजाच्या नांवावर २८,८०० वर्षें मांडलेलीं आहेत. त्या शेजारच्या देशाच्या मानानें आमचा मथुशलह अल्पायुषीच म्हणावा लागेल. ही यादी अशर ह्यांस पाहावयास मिळती, तर तिच्याही प्रतींसाठीं त्यांनीं हलबच्या व्यापाऱ्यास पत्र धाडलें असतें ह्यांत आम्हांस तिळमात्र संशय नाहीं.

चार हजार चार ह्या आंकड्यावरून अशर ह्यांची थट्टा करणें सोपें आहे व ती पुष्कळांनीं केली. परंतु १९९१ सालीं स्टीव्हन जे गूल्ड ह्या नामांकित प्राणिशास्त्रज्ञानेंच, जो त्यांचा आंकडा मुळींच मानीत नव्हता, त्यांची बाजू घेऊन निबंध लिहिला. ज्या काळीं जें साधन हातीं होतें तें सर्व ह्या मनुष्यानें प्रामाणिकपणें वापरलें, असा त्याचा आशय होता. आमचेंही मत तेंच आहे. उत्तर चुकलें; पण त्यांनीं एकही पायरी गाळली नाहीं आणि रीत लपविली नाहीं, म्हणूनच तें कोठें चुकलें हें आज शाळकरी मुलासही दाखवितां येतें.

मृत्यूची हकीकत आम्हीं मागें ठेविली होती. १६५६ च्या मार्च महिन्यांत ते सरे परगण्यांतील रायगेट गांवीं काउंटेसच्या घरीं होते. एका रात्रीं कुशींत कळ उठली आणि दुसऱ्या दिवशीं, ता. २१ मार्च रोजीं, त्यांनीं देह ठेविला. करावयाचीं म्हणून जीं कर्तव्यें राहून गेलीं त्यांबद्दल क्षमा मागत ते गेले. प्रलयाचें त्यांनीं काढलेलें वर्ष १६५६, आणि त्यांच्या स्वतःच्या मृत्यूचेंही १६५६. क्रॉमवेलचें राज्य चालूं होतें, आणि अशर तर राजपक्षाचे. तरी क्रॉमवेलनें त्यांचें दफन सरकारी इतमामानें वेस्टमिन्स्टर मठांत करविलें, आणि बंदी घातलेल्या प्रार्थनापुस्तकांतील विधि त्या दिवशीं तेथें वाचूं दिला. त्यांचीं पुस्तकें परदेशीं विकूं दिलीं नाहींत. आयर्लंडांतील सैन्यानें तीं विकत घेतलीं, आणि १६६१ सालीं तीं ट्रिनिटी कॉलेजांत गेलीं, जेथें तेरा वर्षांचा जेम्स पहिल्या तुकडींत दाखल झाला होता.

मठांत त्यांस जागा मिळाली ती सर जेम्स फुलर्टन ह्यांच्या थडग्याजवळ. हे तेच फुलर्टन. राजाच्या सेवेंत चढत चढत ते सरदार झाले होते आणि १६३१ सालापासून तेथें विसांवा घेत होते. डब्लिनच्या त्या शाळेंतला मास्तर आणि त्याचा विद्यार्थी तेथें शेजारीं शेजारीं आहेत.